गोवराचा विषाणू शरीरात शिरतो कसा?

पृष्ठभागावरील दोन प्रथिनांची करामत आणि भिवंडीतील साथीचा धडा

प्रतिनिधी, भिवंडी

गोवर हा शब्द मराठी घरांना नवा नाही. ताप, वाहणारे नाक, लाल झालेले डोळे आणि तीन-चार दिवसांनी कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरत जाणारे पुरळ ही त्याची ओळख जुन्या पिढीला चांगलीच ठाऊक आहे. लहानपणी प्रत्येकाला तो एकदा यायचाच आणि आला तसा जायचाच, अशी समजूतही तितकीच जुनी आहे. या समजुतीला २०२२च्या अखेरीस जबर तडाखा बसला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईतील गोवंडी परिसरात लागोपाठ बालकांचे मृत्यू झाले. ९ नोव्हेंबर रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला तज्ज्ञांचे पथक मुंबईत धाडावे लागले. पाहता पाहता मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागाची दोन शहरेही साथीच्या विळख्यात सापडली. त्याच महिन्यात भिवंडीतील अवघ्या आठ महिन्यांच्या एका बालकाचा मुंबईत उपचार सुरू असताना मृत्यू झाला.

गोवराची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५पासून आहे. ती सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. असे असताना इतक्या वर्षांनी हा आजार इतक्या त्वेषाने का परतला? विषाणूने रूप बदलले, की लस निकामी ठरली? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते विषाणूच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांत दडलेले आहे. ही प्रथिने विषाणूला मानवी पेशीत प्रवेश मिळवून देतात आणि विषाणूचे सर्वांत मोठे दुबळेपणही तीच आहेत. भिवंडीत २०२२मध्ये काय घडले, याचा उलगडा करायचा तर आधी ही प्रथिने समजून घ्यावी लागतात.

कवचावरचे काटे

विषाणू स्वतःच्या बळावर जगू शकत नाही. त्याला ना स्वतःचा ऊर्जेचा साठा, ना प्रथिने बनवण्याची यंत्रणा. दुसऱ्या सजीवाच्या पेशीत शिरून तिची यंत्रणा राबवली, तरच त्याच्या प्रती निघतात. म्हणूनच पेशीत प्रवेश मिळवणे हा विषाणूच्या जीवनक्रमातील निर्णायक क्षण होय. पेशीचे पटल मेदाचे बनलेले असते आणि ते कोणालाही सहजासहजी आत घेत नाही. प्रवेशाचे हे काम विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने पार पाडतात.

गोवराचा विषाणू ‘पॅरामिक्झोव्हायरस’ या कुळातील आहे. त्याचा आकार साधारण १०० ते ३०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही सहस्रांश इतकाच. त्याची जनुकीय माहिती आरएनएच्या एकाच धाग्यावर सुमारे १६ हजार अक्षरांत लिहिलेली असते. माणसाची अशीच माहिती तीनशे कोटी अक्षरांची आहे, यावरून या विषाणूचा संसार किती आटोपशीर आहे याची कल्पना यावी. अवघ्या सहा जनुकांवर त्याचा कारभार चालतो. त्यातली दोन जनुके बाहेरच्या कवचावर काट्यांसारख्या उभ्या राहणाऱ्या दोन प्रथिनांसाठी खर्ची पडली आहेत.

यातील पहिले ‘हिमॅग्लुटिनिन’, थोडक्यात ‘एच’ प्रथिन. माकडाच्या तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करण्याच्या गुणामुळे त्याला हे नाव मिळाले. दुसरे ‘फ्युजन’ म्हणजे सांधणारे, थोडक्यात ‘एफ’ प्रथिन. ‘एच’चे काम योग्य पेशी ओळखून तिला घट्ट पकडण्याचे, तर ‘एफ’चे काम विषाणूचे कवच आणि पेशीचे पटल एकमेकांत मिसळवून वाट मोकळी करण्याचे. एक किल्ली लावतो, दुसरा दार ढकलतो. दोघांपैकी एक जरी नसला तरी विषाणू दाराबाहेरच राहतो.

कुलूप कोणत्या पेशीवर?

किल्ली आहे म्हटल्यावर कुलूपही हवे. पेशींच्या पृष्ठभागावर त्यांची स्वतःची अनेक प्रथिने असतात. ती पेशीच्या दैनंदिन कामासाठी असतात; विषाणू त्यांचा गैरफायदा घेतो. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘रिसेप्टर’ किंवा ग्राहक प्रथिने म्हणतात.

गोवराच्या विषाणूचे कुलूप शोधण्यात शास्त्रज्ञांची बरीच वर्षे गेली. १९९३मध्ये ‘सीडी ४६’ नावाचे ग्राहक प्रथिन सापडले. मात्र पुढे लक्षात आले की, प्रयोगशाळेत वाढवलेला आणि लसीत वापरला जाणारा विषाणूच त्याचा उपयोग करतो. रुग्णांत आढळणारा रानटी विषाणू सहसा करीत नाही. खरे कुलूप २०००मध्ये जपानमधील क्युशू विद्यापीठाच्या युसुके यानागी यांच्या गटाने शोधून काढले. त्याचे नाव ‘सीडी १५०’ किंवा ‘स्लॅम’.

हे ‘स्लॅम’ प्रथिन सर्व पेशींवर नसते. ते असते शरीराच्या संरक्षक पेशींवर, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतील पांढऱ्या पेशींवर. गोवराच्या भयानकतेचे रहस्य येथेच आहे. इतर जंतू शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवून आत शिरू पाहतात. गोवराचा विषाणू पहारेकऱ्यांनाच पहिले सावज करतो.

गोवर हा श्वासावाटे पसरतो, त्यामुळे तो प्रथम श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना बाधत असावा, असे पूर्वी मानले जाई. परंतु त्या पेशींच्या बाहेरील बाजूस विषाणूला धरता येईल असे कुलूपच नसते. श्वासासोबत आत गेलेला विषाणू वायुकोशांत गस्त घालणाऱ्या संरक्षक पेशींवरील ‘स्लॅम’ला जाऊन चिकटतो. या पेशी नेहमीप्रमाणे पकडलेला जंतू तपासणीसाठी जवळच्या लसीकाग्रंथींकडे, म्हणजेच लिम्फ नोड्सकडे नेतात. तिथे ‘स्लॅम’ धारण करणाऱ्या पेशींची दाटी असते. जणू चोराला पकडून थेट पोलिस ठाण्यात न्यावे आणि त्याने तिथल्या सर्व शिपायांना अंकित करावे, तसा हा प्रकार होतो. तेथून विषाणू रक्तावाटे सर्वांगात फिरतो.

दार ढकलणारी कमान

‘एच’ने ‘स्लॅम’ला धरल्यानंतरचा टप्पा यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही थक्क करील असा आहे. ‘एच’चे चार घटक एकत्र येऊन एक गट बनतो. त्याच्या टोकाला डोके आणि खाली देठ असतो. डोक्याने ग्राहक प्रथिन पकडले की देठाच्या रचनेत फरक पडतो आणि तो इशारा शेजारी उभ्या असलेल्या ‘एफ’ला मिळतो.

‘एफ’ प्रथिन तीन घटकांचे असते. ते तयार होते तेव्हा निष्क्रिय असते; पेशीतील ‘फ्युरिन’ नावाचे विकर त्याला एका जागी कापते आणि मगच ते कामाला सज्ज होते. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगप्रमाणे त्यात ताण साठलेला असतो. इशारा मिळताच ही स्प्रिंग सुटते. ‘एफ’चे आत दडलेले टोक भाल्यासारखे पुढे झेपावते आणि समोरच्या पेशीच्या पटलात रुतते. मग ते प्रथिन मधोमध दुमडते. एक टोक विषाणूच्या कवचात, दुसरे पेशीच्या पटलात अडकलेले असल्याने दुमडताना दोन्ही आवरणे एकमेकांकडे ओढली जातात, चिकटतात आणि अखेर एकरूप होतात. त्यातून एक छिद्र निर्माण होते आणि विषाणूचा आरएनए पेशीत उतरतो.

या क्रियेचा आणखी एक परिणाम होतो. बाधित पेशी नवे विषाणू बनवताना ‘एच’ आणि ‘एफ’ स्वतःच्या पृष्ठभागावरही मांडते. परिणामी ती शेजारच्या निरोगी पेशीशीच सांधली जाते. अशा अनेक पेशी मिळून अनेक केंद्रके असलेली एक महाकाय पेशी बनते. विषाणूला बाहेर न पडताच पेशीतून पेशीत पसरण्याची सोय होते.

बाहेर पडण्याचे दुसरे दार

विषाणूला आत शिरणे जितके आवश्यक, तितकेच पुढच्या माणसापर्यंत पोहोचणेही. त्यासाठी गोवराचा विषाणू वेगळे कुलूप वापरतो. २०११मध्ये अमेरिका आणि कॅनडातील दोन गटांनी ते शोधले. त्याचे नाव ‘नेक्टिन-४’. श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना परस्परांशी जोडून ठेवणारे हे प्रथिन हवेच्या बाजूला नव्हे, तर शरीराच्या आतल्या बाजूला असते.

संसर्ग होऊन काही दिवस लोटले की बाधित संरक्षक पेशी रक्तातून श्वासमार्गाच्या अस्तराखाली येऊन पोहोचतात. तेथे ‘एच’ प्रथिन ‘नेक्टिन-४’ला धरते आणि विषाणू मागच्या दाराने अस्तराच्या पेशींत शिरतो. त्या पेशींत वाढलेले असंख्य विषाणू मग श्वासनलिकेच्या पोकळीत सोडले जातात आणि खोकला, शिंक यांवाटे हवेत उडतात. ‘नेक्टिन-४’ श्वासनलिकेत विपुल असल्याने विषाणू घशाजवळच, बाहेर फेकले जाण्याच्या मोक्याच्या जागी साचतो.

गोवर हा माणसाला ज्ञात असलेल्या अत्यंत संसर्गजन्य आजारांपैकी एक का आहे, हे यावरून कळते. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकवस्तीत एका रुग्णापासून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत टिकू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांचा रुग्णाशी संपर्क आला, तर त्यातील नऊ जणांना आजार होण्याची शक्यता असते. त्यातच पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवू लागतो. त्या चार दिवसांत घरच्यांच्या लेखी ती केवळ साधी सर्दी असते.

पुरळाविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. पुरळ हे विषाणूचे थेट काम नव्हे. त्वचेपर्यंत पोहोचलेल्या बाधित पेशींवर शरीराच्या संरक्षक पेशी हल्ला चढवतात, त्याची ती खूण असते. म्हणूनच अत्यंत क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णात पुरळ न येताही गोवर प्राणघातक ठरू शकतो.

प्रतिकारशक्तीचा विस्मरणरोग

गोवर उतरला, पुरळ मावळले, म्हणजे संकट टळले असे नव्हे. ‘स्लॅम’ हे प्रथिन पूर्वीच्या आजारांची आठवण जपणाऱ्या पेशींवरही असते. एखादा जंतू एकदा येऊन गेला की या पेशी त्याची खूण लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी शरीर तत्परतेने प्रतिकार करते. गोवराचा विषाणू नेमक्या याच पेशी नष्ट करतो.

नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासून २०१९मध्ये शास्त्रज्ञांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोवरानंतर या मुलांच्या रक्तातील निरनिराळ्या जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या प्रकारांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाले होते. लस घेतलेल्या मुलांत असे घडले नाही. गोवर झालेले मूल त्यानंतर न्यूमोनिया, अतिसार अशा अन्य आजारांना सहज बळी का पडते, याचे कारण यात सापडते. अशा मृत्यूच्या दाखल्यावर पुष्कळदा गोवराचे नावही नसते.

क्वचितप्रसंगी विषाणू मेंदूत ठाण मांडतो आणि साधारण सात ते दहा वर्षांनी मेंदूचा एक असाध्य विकार उद्भवतो. मेंदूच्या पेशींवर ‘स्लॅम’ नसते आणि ‘नेक्टिन-४’ही नसते. अशा रुग्णांतील विषाणूंच्या ‘एफ’ प्रथिनात असे बदल आढळले आहेत, की त्याची स्प्रिंग जवळजवळ आपोआप सुटते आणि विषाणू एका चेतापेशीतून दुसरीत सरकतो. अगदी लहान वयात गोवर झालेल्या मुलांना हा धोका अधिक असतो.

याच कुळातील इतर विषाणू

एक प्रथिन पकडणारे आणि दुसरे सांधणारे, ही जोडगोळी गोवराची मक्तेदारी नाही. निपाह विषाणूही याच कुळातील. त्याचे ‘जी’ नावाचे पकडणारे प्रथिन रक्तवाहिन्या आणि चेतापेशींवरील ‘एफ्रिन-बी २’ या प्रथिनाला धरते. म्हणूनच निपाहमध्ये मेंदूला सूज येते. मार्च २०२०मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहचा माग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांना लागला होता.

करोना विषाणूने ही दोन्ही कामे ‘स्पाइक’ या एकाच प्रथिनाकडे सोपवली आहेत. ते फुप्फुसे व अन्य अवयवांच्या पेशींवरील ‘एसीई २’ या प्रथिनाला धरते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे ‘हिमॅग्लुटिनिन’ही पकडणे आणि सांधणे ही दोन्ही कामे करते. तंत्र थोडेफार निराळे असले तरी तत्त्व एकच: विषाणू कोणत्या पेशीत शिरणार, कोणता अवयव बाधणार आणि आजार कसा पसरणार, हे बहुतांशी त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने ठरवतात.

न बदलणारी किल्ली

शरीराला विषाणूशी लढायचे असेल, तर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ही किल्लीच निकामी करणे. लस घेतल्यावर तयार होणारी प्रतिपिंडे मुख्यतः ‘एच’ आणि काही प्रमाणात ‘एफ’ला जाऊन चिकटतात. किल्लीच्या दातांवर मेण थापावे तशी ही गत होते. विषाणू शरीरात येतो, परंतु ‘स्लॅम’ला धरू शकत नाही.

यावर विषाणूंचा ठरलेला डाव म्हणजे किल्लीचा आकार थोडा बदलायचा, जेणेकरून जुनी प्रतिपिंडे तिला ओळखणार नाहीत. इन्फ्लुएन्झा हेच करतो, म्हणून त्याची लस वारंवार अद्ययावत करावी लागते. नोव्हेंबर २०२१मध्ये समोर आलेल्या करोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराच्या ‘स्पाइक’मध्ये तीसहून अधिक बदल होते.

गोवराला मात्र हा डाव साधलेला नाही. त्याच्या ‘एच’ प्रथिनाचे जे भाग ‘स्लॅम’ आणि ‘नेक्टिन-४’ला धरतात, त्यांच्याच आसपास प्रतिपिंडेही चिकटतात. तिथे बदल करावा तर पकड सुटते. २०१५मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या विषाणूच्या जनुकांत ठिकठिकाणी लहान लहान तुकडे घुसवून पाहिले. काही अंतर्गत प्रथिनांनी हे फेरफार सहन केले. ‘एच’ आणि ‘एफ’ यांनी जवळपास मुळीच केले नाहीत. शास्त्रज्ञांनी गोवराच्या विषाणूचे २४ जनुकीय प्रकार नोंदवले आहेत. तरीही प्रतिपिंडांच्या दृष्टीने ते सारे एकच.

याचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे खुद्द लस. १९५४मध्ये बोस्टनमध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमन्स्टन या शाळकरी मुलाच्या नमुन्यातून गोवराचा विषाणू वेगळा केला. तो निरनिराळ्या पेशींत पुनःपुन्हा वाढवून दुर्बल करण्यात आला आणि १९६३मध्ये अमेरिकेत लसीला मान्यता मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लसही याच वंशातील ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ या प्रकारापासून बनते. सत्तर वर्षांपूर्वी एका अमेरिकी मुलाच्या शरीरात सापडलेल्या विषाणूपासून बनलेली लस आज भिवंडीतल्या बाळाचे रक्षण करू शकते, कारण एवढ्या काळात विषाणूला आपली किल्ली बदलता आलेली नाही.

मग भिवंडीत दारे उघडी का राहिली?

विषाणू तोच आणि लसही परिणामकारक, तर २०२२च्या साथीचे कारण उरते एकच: लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली मुले.

राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८पासून राबवण्यात आली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ती होती. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना नियमित लसीकरणावरच विसंबावे लागले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागू झाली. आरोग्य यंत्रणा करोनाच्या कामाला जुंपली गेली, लसीकरण सत्रे खंडित झाली, पालक रुग्णालयाच्या वाटेला जाईनासे झाले. या काळात ज्यांचा डोस चुकला, ती मुले २०२२मध्ये पाच वर्षांखालील होती. लस न घेतलेल्या मुलांची संख्या अशी साचत गेली, की ठिणगी पडायचाच काय तो अवकाश होता.

भिवंडीत ही अडचण अधिक तीव्र होती. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. यंत्रमाग आणि गोदामे यांच्या आधारे जगणाऱ्या या शहरात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेल्या श्रमिकांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. टाळेबंदीत माग थांबले आणि हजारो कुटुंबे गावी गेली. माग सुरू झाल्यावर परतली. मूल इथे जन्मले, पहिल्या डोसच्या वेळी गावी होते, दुसऱ्याच्या वेळी पुन्हा इथे, अशा स्थितीत त्याचे नाव दोन्ही ठिकाणच्या याद्यांतून निसटते. शांतीनगर, गायत्रीनगर यांसारख्या दाट वस्त्यांत एका खोलीत सात-आठ माणसे राहत असतील, तर हवेत दोन तास टिकणाऱ्या विषाणूला आणखी काय हवे? कुपोषण आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता यांनी आजाराची तीव्रता वाढते, ती वेगळीच. लसीविषयीच्या अफवा आणि शंका यांनीही काही घरांची दारे आरोग्यसेविकांसाठी बंद ठेवली. राज्यात ठिकठिकाणी त्यासाठी धर्मगुरूंचे साहाय्य घ्यावे लागले.

हे गणित समजून घेण्याजोगे आहे. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते. दोन्ही डोसांनंतर ते प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांवर जाते. समजा, एखाद्या वस्तीतील १०० पैकी ९० मुलांनी एकच डोस घेतला. कागदावर ९० टक्के लसीकरण झाले. पण खरे संरक्षण ७६-७७ मुलांनाच आहे. उरलेल्या २३-२४ मुलांचे काय? एका रुग्णापासून सरासरी १५ जणांना लागण होऊ शकते असे धरले, तर त्यातील जवळपास चौथा हिस्सा, म्हणजे तीन-चार मुले प्रत्यक्षात आजारी पडतील. त्या प्रत्येकापासून आणखी तीन-चार. साथ थांबवायची तर वस्तीतील किमान ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याचसाठी.

नऊ महिन्यांखालील बाळांचे काय?

प्रारंभी उल्लेख केलेले भिवंडीचे बाळ आठ महिन्यांचे होते. नियमित वेळापत्रकानुसार त्याच्या पहिल्या डोसची वेळच आलेली नव्हती. लस आणखी आधी का देत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. गर्भात असताना आईकडून नाळेवाटे बाळाला प्रतिपिंडे मिळतात. ती ‘एच’ला चिकटून काही महिने बाळाचे रक्षण करतात. परंतु लसीतही दुर्बल केलेला जिवंत विषाणूच असतो. आईची प्रतिपिंडे रक्तात असताना लस दिली, तर ती लसीच्या विषाणूलाही अडवतात आणि बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास ही प्रतिपिंडे ओसरतात. एक शिदोरी संपलेली आणि दुसरी अजून न मिळालेली, असा हा मधला काळ फार धोक्याचा असतो. ज्या मातांना लहानपणी प्रत्यक्ष गोवर न होता लसीमुळे संरक्षण मिळाले, त्यांच्याकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडे तुलनेने कमी असतात व लवकर संपतात.

या कारणास्तव केंद्राने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी राज्याला पाठवलेल्या पत्रात दोन सूचना केल्या. साथग्रस्त भागातील नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा विचार व्हावा, ही पहिली. जिथे नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक आहे, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा, ही दुसरी. हा लवकर दिलेला डोस नियमित दोन डोसांत मोजला जात नाही. ते दोन्ही वेळेवर घ्यावेच लागतात. मात्र या वयाच्या बाळांचे खरे संरक्षण आजूबाजूच्या मोठ्या मुलांच्या लसीकरणातूनच होते. शेजारच्या खोलीतील तीन वर्षांच्या मुलाचा चुकलेला डोस आठ महिन्यांच्या बाळाला महागात पडू शकतो.

पालकांनी काय ध्यानात ठेवावे?

गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांदरम्यान आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांदरम्यान द्यायचा असतो. वेळ चुकली असल्यास पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात विनामूल्य मिळू शकतो. गावी जाताना लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. कार्ड हरवले असले तरी त्या कारणासाठी लस टाळू नये.

मुलाला ताप, खोकला, लाल डोळे आणि पुरळ अशी लक्षणे दिसल्यास त्याला इतर मुलांपासून दूर ठेवून नागरी आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत तरी त्याला शाळेत वा अंगणवाडीत पाठवू नये. विषाणूला थेट मारणारे औषध गोवरावर प्रचलित नाही. तथापि, डॉक्टरांच्या सल्ल्याने लागोपाठ दोन दिवस दिलेल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रेमुळे अंधत्व आणि मृत्यूचा धोका कमी होतो. श्वास जलद चालणे, दूध किंवा पाणी न पिणे, गुंगी किंवा झटके येणे ही गंभीर आजाराची चिन्हे होत. अशा वेळी कडुनिंबाचा पाला किंवा उतारा यांत वेळ दवडणे जिवावर बेतू शकते. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, लस न घेतलेल्या पात्र मुलाला ७२ तासांच्या आत लस मिळाल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.

जगभरात २०२३मध्ये गोवराने सुमारे १ लाख ७ हजार बळी घेतल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातील बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. भारताने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी आधी २०२३ आणि ते हुकल्यावर २०२६ हे लक्ष्यवर्ष ठरवले. इन्फ्लुएन्झा किंवा करोनाच्या बाबतीत विज्ञानाला विषाणूच्या बदलत्या प्रथिनांमागे धावावे लागते. गोवराच्या बाबतीत तशी सबब नाही. त्याची दोन्ही प्रथिने, त्यांची कुलपे आणि ती अडवणारी लस हे सर्व ज्ञात आहे. उरते ते काम प्रयोगशाळेचे नसून वस्तीचे आहे. प्रत्येक मुलाच्या कार्डावर दोन डोसांची नोंद आहे की नाही हे पाहणे आणि नसेल तर त्या मुलाला केंद्रापर्यंत नेणे, एवढेच ते काम आहे.